विश्लेषण : मेरी क्युरी यांची अस्थिमज्जा निकामी करणारे किरण आज प्लेटलेटच्या पिशवीला सुरक्षित कसे करतात?

कॅन्सर रुग्णालयाच्या वॉर्डात प्लेटलेटची पिशवी येते. तिच्यावर ‘इरॅडिएटेड’ असे लेबल असते. म्हणजे या पिशवीवर किरणांचा मारा केलेला आहे. रुग्णाचे नातेवाईक ते वाचतात आणि दचकतात. आधीच रक्ताच्या कॅन्सरने गांजलेल्या माणसाला किरण मारलेले रक्त कशासाठी? त्यातून आणखी काही झाले तर?

ही भीती अगदीच निराधार नाही. किरणांमुळे माणसाचे रक्त बनणे थांबू शकते, हे जगाला ठाऊक झाले ते काही माणसांचे जीव गेल्यावर. त्यातले सर्वांत मोठे नाव मेरी क्युरी. 4 जुलै 1934 रोजी त्यांचा मृत्यू झाला तो ॲप्लास्टिक ॲनिमियाने, म्हणजे अस्थिमज्जेने रक्त बनवणे थांबवल्याने. आज त्याच जातीचे किरण रक्तपेढीत मुद्दाम वापरले जातात आणि तेही रुग्णाची अस्थिमज्जा वाचवण्यासाठी. हे कसे शक्य आहे, ते समजून घेण्यासाठी क्युरी यांच्या आयुष्याकडेच वळावे लागते.

वॉर्सातील मुलगी पॅरिसला कशी पोहोचली?

मारिया स्क्लोदोव्स्का यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1867 रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. तेव्हा हे शहर रशियाच्या ताब्यात होते. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक, आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. रशियन अधिकाऱ्यांनी पोलिश शाळांतील प्रयोगांचे तास बंद केले, तेव्हा वडिलांनी उपकरणे घरी आणली. पाच भावंडांत धाकटी असलेली मारिया ती उपकरणे पाहत वाढली.

घरावर आजारपणाची सावली होती. थोरली बहीण टायफसने गेली. आईला क्षयरोग होता. 1878 मध्ये आईही गेली, तेव्हा मारिया दहा वर्षांची होती.

रशियाच्या राज्यात मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. मारिया आणि तिची बहीण ब्रोन्या यांनी आपसांत एक करार केला. ब्रोन्याने आधी पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचे, तोवर मारियाने श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवून पैसे पाठवायचे. नंतर ब्रोन्याने मारियाला बोलावून घ्यायचे. मारियाने कित्येक वर्षे परक्यांच्या घरी राहून शिकवण्या केल्या. 1891 मध्ये, वयाच्या 24व्या वर्षी, तिने पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात नाव घातले. माळ्यावरची खोली, हिवाळ्यात गोठणारे पाणी, अनेकदा अर्धपोटी अभ्यास. 1893 मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवीत ती पहिली आली, 1894 मध्ये गणितात दुसरी.

त्याच सुमारास तिची भेट पिअर क्युरी या संशोधकाशी झाली. जुलै 1895 मध्ये दोघांनी साधेपणाने लग्न केले. भेट मिळालेल्या पैशांतून दोन सायकली घेतल्या आणि त्यावरून फ्रान्सच्या गावांत फिरायला गेले. मारियाची आता मेरी क्युरी झाली होती.

किरणांचा शोध कसा लागला?

लग्नाच्या वर्षीच, नोव्हेंबर 1895 मध्ये, जर्मनीत विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. काही महिन्यांत पॅरिसमध्ये हेन्री बेकरेल यांच्या लक्षात आले, की युरेनियमची संयुगे कुणी काही न करता आपणहून किरण सोडतात. क्ष-किरणांमागे सारे जग लागले होते. युरेनियमच्या किरणांकडे मात्र फारसे कुणी बघत नव्हते. पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्या मेरी यांनी नेमका तोच निवडला.

पिअर आणि त्यांच्या भावाने पूर्वी बनवलेले अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणारे उपकरण हाताशी होते. मेरी एकेक खनिज त्यावर तपासू लागल्या. पिचब्लेंड या खनिजात जेवढे युरेनियम होते, त्या मानाने किरणांची तीव्रता फारच जास्त निघाली. म्हणजे त्यात आणखी काहीतरी दडले होते. जुलै 1898 मध्ये क्युरी दाम्पत्याने पोलोनियम या नव्या मूलद्रव्याची घोषणा केली. हे नाव मेरी यांच्या मायदेशावरून ठेवले होते. डिसेंबरमध्ये दुसऱ्या मूलद्रव्याची घोषणा झाली, ते रेडियम.

पण रसायनशास्त्रज्ञांना नवे मूलद्रव्य प्रत्यक्ष बाटलीत हवे होते. युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला पिचब्लेंडचा टाकाऊ चोथा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील खाणींतून पोत्यांनी पॅरिसला आला. प्रयोगशाळा म्हणून मिळाली ती एक गळकी शेड. तिथे पूर्वी वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करत. मेरी एका वेळी वीस-वीस किलो माल उकळत, स्वतःच्या उंचीएवढ्या लोखंडी सळईने ढवळत. काही टन चोथ्यातून 1902 मध्ये हाती लागले फक्त 0.1 ग्रॅम रेडियम क्लोराइड.

रात्री दोघे शेडमध्ये जात, तेव्हा टेबलावरच्या काचनळ्या अंधारात मंद चमकत असत. ते त्यांना फार आवडायचे. तीच चमक आपल्या शरीरातून आरपार जात आहे, याची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती.

1903 मध्ये मेरी यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी बेकरेल आणि पिअर यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेलही मिळाले. नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. रेडियम वेगळे करण्याच्या पद्धतीचे पेटंट मात्र या जोडप्याने घेतले नाही.

धोक्याच्या खुणा दिसत होत्या का?

दिसत होत्या. बेकरेल यांनी रेडियमची नळी जाकिटाच्या खिशात ठेवली आणि त्याखालची कातडी भाजली. पिअर यांनी मुद्दाम स्वतःच्या दंडावर काही तास रेडियम बांधून ठेवले. झालेली जखम भरायला अनेक आठवडे लागले. दोघांनी 1901 मध्ये हे निष्कर्ष मिळून प्रसिद्ध केले. मेरी यांच्या बोटांची टोके कडक आणि दुखरी झाली होती.

1904 मध्ये पिअर यांनी दोन वैद्यकीय सहकाऱ्यांसोबत प्राण्यांवर प्रयोग केले. रेडियममधून निघणारा वायू श्वासावाटे घेतलेले प्राणी मेले. त्यांच्या फुप्फुसांत रक्त साकळले होते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत बदल झालेले होते. रक्ताला धोका आहे, ही सूचना अशी क्युरींच्या घरातूनच आली होती.

डॉक्टरांनी मात्र याकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. जे किरण कातडी जाळतात, ते गाठही जाळतील. रेडियमने कॅन्सरवर उपचार सुरू झाले. 1906 मध्ये बर्गोनिए आणि ट्रिबोन्डो या दोन फ्रेंच संशोधकांनी एक नियम मांडला. ज्या पेशी भराभर विभागतात आणि अजून पूर्ण घडलेल्या नसतात, त्यांना किरण सर्वांत जास्त इजा करतात, असा तो नियम. प्रत्येक पेशी या नियमात चपखल बसत नाही, पण ढोबळमानाने तो आजही वापरात आहे.

माणसाच्या शरीरात सतत, भराभर विभागणाऱ्या पेशींचा मोठा कारखाना म्हणजे हाडांच्या आतली अस्थिमज्जा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स या सगळ्यांचा जन्म तिथेच होतो. त्यामुळे किरणांचा फटका बसणाऱ्या अवयवांत अस्थिमज्जा अगदी पुढे असते.

पिअर यांच्यानंतर काय घडले?

19 एप्रिल 1906 रोजी पावसात रस्ता ओलांडताना पिअर घोडागाडीखाली सापडले आणि जागीच गेले. मेरी तेव्हा 38 वर्षांच्या होत्या. पदरात दोन मुली, आठ वर्षांची इरेन आणि दीड वर्षाची ईव्ह. विद्यापीठाने पिअर यांचे वर्ग मेरी यांच्याकडे सोपवले. सोरबोनमध्ये शिकवणाऱ्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक.

1911 हे वर्ष मान आणि मनस्ताप दोन्ही घेऊन आले. फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व नाकारले. खासगी आयुष्यावरून वृत्तपत्रांनी राळ उडवली. त्याच वर्षअखेर त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या व्यक्ती. पुढे पॅरिसमध्ये रेडियम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिच्या एका भागात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, दुसऱ्या भागात किरणांचा सजीवांवरील परिणाम, अशी कामाची वाटणी होती. इमारत 1914 मध्ये तयार झाली आणि लगेच महायुद्ध सुरू झाले.

युद्धातील क्ष-किरण गाड्या काय होत्या?

आघाडीवर जखमी सैनिकांच्या शरीरात गोळी नेमकी कुठे आहे, हे क्ष-किरणांशिवाय कळत नव्हते. यंत्रे मात्र शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतच होती. मेरी यांनी मोटारगाड्या मिळवल्या. त्यात क्ष-किरण नळी, फोटो काढण्याचे सामान आणि गाडीच्या इंजिनवर चालणारा डायनॅमो बसवला. अशा सुमारे 20 गाड्या आणि 200 कायमस्वरूपी केंद्रे त्यांनी उभी केली. सैनिक या गाड्यांना ‘छोट्या क्युरी’ म्हणू लागले.

मेरी स्वतः गाडी चालवायला शिकल्या. टायर बदलणे, कार्ब्युरेटर साफ करणे हेही त्यांनीच केले. इरेन किशोरवयातच आईच्या मदतीला आघाडीवर गेली. सुमारे 150 महिलांना मेरी यांनी यंत्र चालवायला शिकवले. युद्धकाळात दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी या व्यवस्थेत झाल्याचा अंदाज आहे.

या कामात संरक्षण फार तोकडे होते. शल्यविशारद शस्त्रक्रिया करत असताना यंत्र चालू ठेवावे लागे. चालवणारे माणूस यंत्राला लागूनच उभे. दिवसात किती किरण अंगावर घेतले, हे मोजायची सोय नव्हती आणि किती घेतले तर धोका, हेही ठरलेले नव्हते.

अखेरचा आजार कोणता होता?

युद्धानंतर मेरी जगप्रसिद्ध होत्या, पण त्यांच्या प्रयोगशाळेकडे रेडियम पुरेसे नव्हते. अमेरिकी महिलांनी वर्गणी काढून एक लाख डॉलर जमवले आणि 1921 मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते त्यांना एक ग्रॅम रेडियम देण्यात आले. तब्येत मात्र ढासळत होती. डोळ्यांत मोतीबिंदू झाले, अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. कानात सतत आवाज येत. थकवा पाठ सोडत नव्हता.

1925 मध्ये फ्रान्समध्ये किरणोत्सारी पदार्थांवर काम करणारे दोन अभियंते थोड्याच दिवसांच्या अंतराने रक्ताच्या विकारांनी दगावले. अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुली आजारी पडत होत्या, मरत होत्या. प्रयोगशाळेतील लोकांना शिशाचे आडोसे हवेत आणि त्यांच्या रक्ताची वेळोवेळी तपासणी हवी, असे नियम आकाराला आले. मेरी आपल्या सहकाऱ्यांना ते काटेकोर पाळायला लावत. स्वतः मात्र पाळत नसत.

1934 च्या वसंतात त्यांना ताप येऊ लागला. आधी फ्लूचा संशय, मग क्षयाचा. आईचा आजार पाहता तो संशय साहजिक होता. त्यांना आल्प्समधील एका आरोग्यधामात हलवले. ताप 40 अंशांवर गेला. फुप्फुसात क्षय काही सापडला नाही. रक्त तपासले तेव्हा तांबड्या आणि पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होत असल्याचे दिसले. अस्थिमज्जा काहीच प्रतिसाद देत नव्हती. 4 जुलैच्या पहाटे 66व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अनेक वर्षे अंगात साठत गेलेल्या किरणांच्या इजेमुळे अस्थिमज्जा निकामी झाली असावी, असे डॉक्टरांनी नोंदवले.

बराच काळ लोक रेडियमलाच दोषी मानत होते. 1995 मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथेऑन या राष्ट्रीय स्मारकात हलवताना शवपेटीची तपासणी झाली. त्यात रेडियमचे प्रमाण अपेक्षेएवढे नव्हते. त्यामुळे युद्धातल्या क्ष-किरणांचा वाटा मोठा असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. त्यांच्या वह्या मात्र आजही किरणोत्सारी आहेत आणि पॅरिसमध्ये शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. कारण रेडियम निम्मे व्हायलाच सुमारे 1600 वर्षे लागतात.

त्या काळी प्लेटलेट देऊन उपचार शक्य होता का?

नाही. अस्थिमज्जा बंद पडलेल्या रुग्णाला आज डॉक्टर तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्स देऊन तगवतात. तेवढ्या वेळात औषधे किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा मार्ग धरता येतो. 1934 मध्ये रक्त देणे सुरू झाले होते, पण त्याचे घटक वेगळे करून साठवणे नव्हते. रक्तासाठी प्लास्टिकची पिशवी आली 1950 च्या सुमारास आणि प्लेटलेट्स वेगळ्या काढून देणे रुळायला आणखी वेळ लागला.

ही सोय झाली आणि तिच्याबरोबर एक नवे संकट आले. 1960 च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले, की प्रतिकारशक्ती अगदी क्षीण असलेल्या काही रुग्णांना रक्त दिल्यावर काही दिवसांनी ताप येतो, अंगावर पुरळ उठते, जुलाब लागतात, यकृत बिघडते. नंतर अस्थिमज्जाच बंद पडते. या आजाराचे इंग्रजी लघुनाव ‘टीए-जीव्हीएचडी’. तो विरळा आहे, पण झाला तर दहापैकी नऊहून अधिक रुग्ण दगावतात.

दान केलेले रक्त रुग्णावर कसे उलटते?

दोष प्लेटलेट्सचा नसतो. रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या करताना त्यांच्यासोबत दात्याच्या थोड्या पांढऱ्या पेशीही पिशवीत येतात. त्यातल्या लिम्फोसाइट पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. परके काही दिसले, की त्या आपली संख्या वाढवतात आणि हल्ला चढवतात.

धडधाकट माणसाच्या शरीरात गेल्या, तर त्याचे स्वतःचे पहारेकरी या पाहुण्यांना संपवतात. पण प्रत्यारोपण झालेल्या, काही जातींच्या कॅन्सरच्या, जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या किंवा ठराविक औषधे चालू असलेल्या रुग्णात हा पहारा नसतो. दात्याच्या पेशी तिथे ठाण मांडतात, वाढतात. त्यांच्या दृष्टीने परका असतो तो खुद्द रुग्ण. त्या त्याच्या कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर आणि अस्थिमज्जेवर तुटून पडतात. शेवटी रुग्णाचे रक्त बनणे थांबते. मेरी क्युरी यांना ज्या अवस्थेत मृत्यू आला, जवळपास तीच ही अवस्था. तिथे कारण किरण होते, इथे कारण किरण न मारलेले रक्त.

मग किरण नेमके काय करतात?

रक्तपेढीत पिशवी धातूच्या डब्यात ठेवून शिशाच्या जाड आवरणाच्या यंत्रात सरकवली जाते. आत सीझियम-137 किंवा कोबाल्ट-60 मधून निघणारे गॅमा किरण, किंवा क्ष-किरण नळीतून येणारे किरण पिशवीवर पडतात. सर्व बाजूंना सारखा मारा व्हावा म्हणून अनेक यंत्रांत डबा फिरत राहतो. काही मिनिटांत काम संपते.

मात्रा साधारण 25 ग्रे एवढी ठेवतात. ग्रे हे शोषलेल्या किरणांचे माप. एक ग्रे म्हणजे एका किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. हिशेब केला तर 25 ग्रेने पाण्याचे तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढेही वाढत नाही. म्हणजे पिशवी ‘भाजली’ जात नाही. परंतु हीच ऊर्जा पेशीच्या केंद्रकातील डीएनएच्या साखळ्या तोडते. याची ताकद केवढी? पूर्ण शरीरावर एकदम 4 ते 5 ग्रे पडले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. पिशवीला मिळणारी मात्रा त्याच्या पाचपट आहे.

लिम्फोसाइटला केंद्रक असते. तिचा डीएनए तुटला, की ती विभागू शकत नाही. संख्या वाढली नाही, की हल्लाही होत नाही. प्लेटलेटला मात्र केंद्रकच नसते. अस्थिमज्जेतील एका मोठ्या पेशीचे तुकडे होऊन प्लेटलेट्स तयार होतात. त्या पुढे विभागत नाहीत, त्यांना विभागायचेही नसते. रक्त गोठवण्याचे काम करून आठ-दहा दिवसांत त्या संपतात. म्हणून जी मात्रा लिम्फोसाइटला निष्प्रभ करते, तिने प्लेटलेटचे काम फारसे बिघडत नाही.

प्लेटलेटवर काहीच परिणाम होत नाही का?

प्लेटलेटच्या पेशीत बारीकसारीक बदल मोजता येतात, पण नेहमीच्या मात्रेत रुग्णाच्या शरीरात त्यांचे टिकणे आणि रक्तस्राव रोखणे यात म्हणावा असा फरक पडत नाही. प्लेटलेट्स 20 ते 24 अंश तापमानात, सतत हलवत, साधारण पाच दिवस साठवतात. या मुदतीत कधीही किरण मारता येतात आणि त्यामुळे मुदत कमी होत नाही.

तांबड्या पेशींचे तसे नाही. किरणांमुळे त्यांचे आवरण कमकुवत होते आणि आतले पोटॅशियम बाहेर झिरपू लागते. म्हणून अशा पिशवीची मुदत कमी केली जाते. नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचे असेल, तर किरण मारल्यावर ते लवकरात लवकर वापरतात.

आणखी काही गैरसमज दूर करायला हवेत. किरण मारलेली पिशवी किरणोत्सारी होत नाही. दिव्याच्या उजेडात ठेवलेली वस्तू जशी नंतर स्वतः दिवा होत नाही, तसेच हे. क्युरींच्या वह्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर रेडियमचे कण प्रत्यक्ष चिकटलेले आहेत. पिशवीत असा कोणताही कण जात नाही.

दुसरे, या मात्रेने एचआयव्ही, कावीळ यांचे विषाणू किंवा जिवाणू मरत नाहीत. त्यासाठीच्या तपासण्या वेगळ्याच असतात. तिसरे, पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावला म्हणून हा धोका टळला, असे धरून चालत नाही. गाळूनही काही पेशी उरतातच.

नातेवाइकाचे रक्त जास्त धोक्याचे का?

आपल्याकडे रक्त लागले, की घरचीच माणसे हात पुढे करतात. आपल्या माणसाचे रक्त जास्त चांगले, असा समज असतो. या आजाराच्या बाबतीत मात्र उलटे आहे. आई-वडील, मुले, भावंडे यांच्या पेशींवरील ओळखखुणा काही प्रमाणात सारख्या असतात. त्यामुळे रुग्णाच्या पहारेकऱ्यांना नातेवाइकाच्या पेशी आपल्याच वाटू शकतात आणि ते त्यांना सोडून देतात. पण त्या पेशींना रुग्णातील उरलेल्या खुणा परक्या दिसतात. अशा वेळी प्रतिकारशक्ती उत्तम असलेला रुग्णही सापडू शकतो.

जपानला याचा मोठा फटका बसला. तिथे लोकांच्या ओळखखुणांत साम्य अधिक, ताजे रक्त देण्याची पद्धत आणि नातेवाइकांचे रक्त वापरण्याची सवय. हृदयशस्त्रक्रियेनंतर धडधाकट प्रतिकारशक्तीचे रुग्णही या आजाराने गेले. पुढे तिथे रक्ताला सरसकट किरण देणे सुरू झाले आणि 2000 नंतर हा आजार जवळपास नाहीसा झाला.

म्हणून जवळच्या नातेवाइकाचे रक्त किंवा प्लेटलेट्स त्याच रुग्णाला द्यायच्या असतील, तर त्यांना किरण देणे आवश्यक मानले जाते. बदली रक्तदानात दिलेले रक्त दुसऱ्याच कुणाला जात असेल, तर हा प्रश्न येत नाही. डेंग्यूत प्लेटलेट्स लागल्या म्हणून प्रत्येक वेळी किरण मारलेल्याच हव्यात, असेही नाही. गरज कुणाला, हे आजार आणि औषधे पाहून डॉक्टर ठरवतात.

मुंबईचा याच्याशी संबंध काय?

सर्वच रक्तपेढ्यांत हे यंत्र नसते. परदेशी यंत्रे महाग पडतात. भारतात अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या वाशीतील संस्थेने देशी रक्तविकिरण यंत्रे बनवली. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने आणखी एक पाऊल टाकले. अणुइंधनावरील प्रक्रियेनंतर उरणाऱ्या कचऱ्यातून सीझियम-137 वेगळे काढले आणि ते काचेत बांधून त्याच्या पेन्सिली बनवल्या. याच पेन्सिली रक्तविकिरण यंत्रांत वापरल्या जातात.

काच वापरण्यामागे कारण आहे. अनेक जुन्या यंत्रांतील सीझियम क्षाराच्या भुकटीच्या रूपात असते. ती पाण्यात विरघळते. 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात कॅन्सर उपचाराचे बेवारस यंत्र भंगारात गेले, त्यातील भुकटी लोकांच्या हाती लागली आणि चार जणांचा जीव गेला. काचेतले सीझियम असे पसरत नाही.

युरेनियम काढून उरलेल्या चोथ्यातून मेरी क्युरी यांनी रेडियम मिळवले होते. ट्रॉम्बेतही टाकाऊ मालातूनच उपयोगाची वस्तू निघाली. फरक एवढाच, की आता मात्रा मोजलेली असते, शिशाची भिंत मध्ये असते आणि काम करणाऱ्याच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असतो.

रुग्णाच्या नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

प्रत्यारोपण, रक्ताचा कॅन्सर किंवा जन्मजात प्रतिकारशक्तीचा विकार असेल, तर किरण मारलेले घटक हवेत का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला, तर ही गरज तिथे लेखी कळवावी. दाता रुग्णाचा नातेवाईक असेल, तर रक्तपेढीला नाते स्पष्ट सांगावे. अनेक पिशव्यांवर किरण मिळाल्यावर रंग किंवा अक्षर बदलणारी पट्टी लावलेली असते, तीही पाहता येते.

‘इरॅडिएटेड’ या लेबलला घाबरण्याचे कारण नाही. अशा रुग्णाला ते लेबल नसलेली पिशवी लागणे, हीच खरी काळजीची गोष्ट आहे. किती किरण, कोणत्या पेशीवर आणि शरीरात की शरीराबाहेर, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सारे अवलंबून असते. मेरी क्युरी यांच्या काळात ती उत्तरे कुणाजवळ नव्हती. त्यांच्या पिढीच्या जखमांतून आणि आजारांतून ती हळूहळू मिळत गेली.